पुस्तक नावडलं असं सांगायला कुणाची परवानगी हवी?

गेले काही दिवस आमच्याकडच्या वाचणाऱ्या मंडळींत एक वाद पेटलाय, आणि तो दोन्ही बाजूंनी इतक्या वाईट तऱ्हेने घातला जातोय की गप्प बसवत नाही. झालं एवढंच की एका वाचकाने, म्हणजे नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात लायब्ररीतली पुस्तकं आणून वाचणाऱ्या एका माणसाने, इकडच्या एका सत्कार-बित्कार झालेल्या मराठी कादंबरीबद्दल चारचौघांत सांगितलं की मला नाही आवडली, निम्म्यावर ठेवून दिली, त्यातली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, व्यासपीठावर उभं राहिल्यासारखी भाषणं करतात. लगेच एक बाजू उठली की तुमचा अभ्यास काय, समीक्षा किती वाचलीय तुम्ही, गोव्यात मराठी लिहिणारे आधीच मोजके आणि तुम्ही त्यांचे पाय ओढताय. मग दुसरी बाजू उठली ती म्हणाली की ज्याचं त्याचं मत, नाही आवडलं म्हणजे नाही आवडलं, त्यावर चर्चाच कशाला. पहिल्यांनी वाचकाचं तोंड बंद केलं, दुसऱ्यांनी चर्चेचं. त्या कादंबरीतली माणसं खरंच भाषणं करतात का, हा जो खरा प्रश्न होता, तो पुस्तक उघडून कुणी तपासलाच नाही.

माझं म्हणणं असं की साध्या वाचकाला पुस्तकाबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे, आणि नावडलेल्या पुस्तकाबद्दल तर तो जास्तच आहे, कारण गोव्यासारख्या छोट्या जागेत तेच काम दुसरं कुणी करत नाही. पण नुसतं मत फेकून निघून जाणं म्हणजे हक्क बजावणं नव्हे. वाचक न्याय द्यायला बसलेला नसतो, तो साक्ष देत असतो. साक्ष द्यायला वकिलीची पदवी लागत नाही, मात्र माणूस तिथे हजर असावा लागतो आणि काय बघितलं ते त्याला नीट सांगता आलं पाहिजे. कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलो, का कंटाळलो, कशाने हललो, एवढं ज्याने सांगितलं त्याला 'तुमचा अधिकार काय' असं विचारणं मला अन्याय वाटतो.

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो, कारण तो खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात, वाचक सवयीचा गुलाम असतो, नवीन काही समोर आलं की बिचकतो. खरं आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या तेव्हा गोड भावगीतांना सरावलेल्या कितीतरी वाचकांना त्या दुर्बोध वाटल्या, विचित्र वाटल्या, पुढे अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला, १९५२ साली ते त्यातून निर्दोष सुटले, आणि आज मराठी कवितेचा इतिहास त्यांना वगळून लिहिताच येत नाही. तेव्हाच्या गोंधळलेल्या वाचकांचा शब्द शेवटचा मानला असता तर आपण केवढं गमावलं असतं! हे मी मान्य करतो, मनापासून करतो. पण मग त्याच मापाने अभ्यास असणाऱ्यांनाही मोजूया की. विष्णुशास्त्री चिपळूणकरांएवढा व्यासंग एकोणिसाव्या शतकात किती जणांचा होता? त्याच चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लिखाणाची टर उडवली, त्यांच्या भाषेवर, व्याकरणावर बोट ठेवलं, आणि त्या वाकड्यातिकड्या म्हटलेल्या भाषेत जे सांगितलं जात होतं ते त्यांना दिसलंच नाही. ज्यांच्यासाठी फुले लिहीत होते त्यांना ते दिसत होतं. 'श्यामची आई' १९३५ साली आलं, जाणकारांनी भाबडं आणि रडकं म्हणून नाक मुरडलं, वाचकांनी मात्र ते आजतागायत घराघरात ठेवलं. म्हणजे चूक दोघंही करतात. अभ्यासकाने चूक केली तर ती दुरुस्त व्हायला काळ मिळतो आणि वाचकाने केली तर त्याने तोंडच उघडू नये, हा कुठला न्याय? उलट जितक्या जास्त माणसांच्या प्रामाणिक साक्षी तितकी चूक लवकर सापडते. शिवाय 'मला हे कळलं नाही' असं वाचकाने मोकळेपणी म्हटलं तरच अभ्यासकाला समजावून सांगायला काहीतरी हाती लागतं ना? वाचक गप्प राहिला तर समीक्षक कुणाशी बोलणार, दुसऱ्या समीक्षकाशी?

आणि गोव्यात तर वाचकाला कमी लेखायला जागाच नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं. त्याच्या सुरुवातीलाच तो प्रसंग आहे, नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही आम्हाला बंद केलीत, मग त्यांच्यासारखं दुसरं काहीतरी आम्हाला वाचायला द्या. विचार करा, मराठीतल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाचं कारण म्हणून लेखक काय सांगतो, तर वाचायला काही नाही म्हणून कासावीस झालेल्या माणसाची तक्रार. पुढे १६८४ साली इथल्या लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. त्या ग्रंथाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज सापडत नाही. तरी तो आपल्यापर्यंत आला तो कशामुळे? लोकांनी हाताने नकलून, जपून ठेवलेल्या पोथ्यांमुळे, ज्यांच्यावरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. त्या नकलणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का की तुमचा अभ्यास किती?

बरं, हाच गोवेकर नाटकाला बसला की बघा. जत्रेला, काल्याला देवळासमोरच्या मांडवात पहाटेपर्यंत संगीत नाटक बघणारी माणसं, त्यात शेतकरी, मोटारवाले, मास्तर, घरचं सगळं आवरून आलेल्या बायका, पद कुठे घसरलं ते त्याच क्षणी शेजारच्याला सांगतात. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेला जाऊन मध्यंतरात नुसतं उभं राहावं, दिग्दर्शनापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याची चिरफाड चाललेली असते, भजनी स्पर्धेत तर विचारूच नका. तिथे कुणी कुणाला संगीत विशारद आहेस का असं विचारत नाही. मला तर वाटतं की दीनानाथांपासून अभिषेकीबुवांपर्यंत एवढी मोठी परंपरा या एवढ्याशा जागेतून निघाली त्यात त्या कडक कानांचाही वाटा असणार. मग हीच माणसं पुस्तकापाशी आली की एवढी का दबतात? एक कारण मला दिसतं. नाटकात प्रेक्षकाची चुळबुळ नटाला तिथल्या तिथे कळते, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुस्तक माणूस एकटा वाचतो, त्याचा कंटाळा लेखकाला कधीच ऐकू जात नाही. म्हणून पुस्तकाच्या बाबतीत मुद्दाम बोलावं लागतं, आणि मुद्दाम बोललं की ते उद्धट दिसतं.

दुसरा मुद्दा छोट्या जगाचा आहे, तोही मी हलका मानत नाही. इथे लेखक आपल्याला बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, आपल्या मुलाचा मास्तर असतो, मावसभाऊ असतो. पुष्कळदा त्याने पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेलं असतं, काहीशे प्रती निघतात, त्यातल्या निम्म्या भेट म्हणून जातात, कौतुकाचे चार शब्द सोडले तर त्याला मिळतंच काय? अशा माणसाला 'आवडलं नाही' म्हणून सांगताना जीभ अडखळते आणि ती अडखळावी, त्यात माणुसकी आहे. 'श्यामची आई'तली अळणी भाजीची गोष्ट आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, ती एवढी राबते म्हणून वडील काही न बोलता, उलट छान झालीय म्हणत जेवतात, पोरंही गप्प. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून जिभेवरच्या संयमाची म्हणून शिकवली जाते, आणि गोव्यातली पुस्तकांची प्रकाशनं नेमकी या गोष्टीतल्या वडिलांच्या चालीने होतात. पण त्या गोष्टीत आईसुद्धा आहे. मागून स्वतः जेवायला बसल्यावर तिला कळतं आणि तिला वाईट वाटतं, तुम्ही मला सांगितलं का नाही म्हणून. मला त्या आईची चुटपुट जास्त महत्त्वाची वाटते, कारण जिला आपल्या कामाची खरी चाड आहे ती माणूस अशीच विचारते. जो लेखक चांगला आहे, ज्याला पुढचं पुस्तक अजून चांगलं लिहायचंय, त्याला गप्प राहून आपण काय दिलं? आणि वाचकाला काय दिलं? प्रत्येक पुस्तक 'दर्जेदार', प्रत्येक लेखक 'सिद्धहस्त' असं ऐकून जो माणूस पैसे देऊन पुस्तक घेतो आणि तिसऱ्या प्रकरणात झोपतो, तो दुसऱ्या वेळी गोव्यातल्या लेखकाचं पुस्तक उचलतच नाही. पाय कुणी ओढले मग? खरं बोलणाऱ्या वाचकाने की सरसकट कौतुकाने? एखाद्या खरोखरच्या चांगल्या पुस्तकावर तर याचा सगळ्यात मोठा अन्याय होतो, कारण त्याच्यासाठी वापरायला एकही शब्द शिल्लक ठेवलेला नसतो.

यापेक्षा अवघड गोष्ट आमच्याकडे आहे ती भाषेची, आणि गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला ती चटकन कळणार नाही. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून १९८७ च्या राजभाषा कायद्याआधी झालेलं आंदोलन ज्यांनी बघितलंय त्यांच्या मनात कोकणी-मराठी वाद अजून ओला आहे. त्यामुळे एखादी मराठी कादंबरी कंटाळवाणी आहे असं म्हटलं की तुम्ही मराठीचे शत्रू, एखादी कोकणी कादंबरी मनापासून आवडली म्हटलं की तुम्ही पलीकडे गेलात. पुस्तक उघडायच्या आधीच लेखक कुठल्या गोटातला ते बघितलं जातं. हा वाद घालणाऱ्या दोन्हीकडच्या थोरांचा मी आदर करतो, त्यांनी आपापल्या भाषेसाठी आयुष्य वेचलंय, आणि भाषेवर दडपण असताना माणसं एकमेकांना सांभाळून घेतात हे समजू शकतं. पण साधा वाचक असा विभागून वाचत नाही हो. बोरकरांनी मराठीत लिहिलं, कोकणीत लिहिलं, ते दोन्ही ज्यांना पाठ आहे अशी माणसं बोरीपासून काणकोणपर्यंत भेटतील. दामोदर मावजोंची कोकणी कथा आणि साताऱ्या-सांगलीकडच्या एखाद्या नव्या लेखकाची कादंबरी एकाच आठवड्यात वाचणारी माणसं इथे आहेत, त्यांना विचारून बघा, ती पुस्तकाबद्दल बोलतात, गोटाबद्दल नाही. भाषेचं प्रेम म्हणून जर आपण त्या भाषेतल्या फसलेल्या पुस्तकाला फसलेलं म्हणणार नसू, तर आपण ती भाषा आजारी माणसासारखी जपतोय, आणि आजारी माणसाशी कुणी बरोबरीने बोलत नाही. पोर्तुगीज राजवट चालू असताना १९३० साली मडगावला मराठी साहित्य संमेलन भरवणारे लोक मराठीला इतकं नाजूक समजत नव्हते.

साधा वाचक असं वेगळं काय सांगू शकतो, असं विचारतात. या पावसाळ्यात वाचलेल्या पुस्तकांवरूनच सांगतो. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' उशिरा का होईना हातात आली. धरणग्रस्तांवरची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली, तिच्यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय. मला ती लांबली असं वाटलं, मधल्या भागात एकामागून एक कचेऱ्या, अर्ज, साहेब येत राहतात तेव्हा मी पानं मोजायला लागलो. पण पुस्तक संपल्यावर लक्षात आलं की तो कंटाळाच तर त्या माणसांच्या वाट्याला आलेला असतो, वर्षानुवर्षं. आणि मी ती वाचताना माझ्या डोक्यात आमचं साळावलीचं धरण होतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, त्या धरणाखाली गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात आणि तिथून उठवलेली माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सवाला जमतात. गोव्याचा वाचक ही कादंबरी कुर्डीला बाजूला ठेवून वाचूच शकत नाही. हे मत देशावरचा कुठलाही प्राध्यापक देणार नाही, तो कमी आहे म्हणून नाही, त्याच्या डोळ्यांसमोर कुर्डी नाही म्हणून. लगोलग पुंडलिक नायकांची 'अच्छेव' पुन्हा वाचली, १९७७ सालची कोकणी कादंबरी, खाणींमुळे एका गावाची कशी वाताहत होते ती. ती आकाराने छोटी आणि मला ती जास्त लागली. खाणीच्या लाल धुळीचा रस्ता ज्याने बघितलाय त्याला तिथे वर्णनाची गरज लागत नाही. दोन भाषांतल्या या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की गाव उठवणं आणि गाव आतून सडवणं यातला फरक दिसतो, आणि हा विचार मला सुचला तो फक्त त्या एकापाठोपाठ हातात आल्या म्हणून. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' मात्र, १९३९ सालचं, मला अजूनही पूर्ण पटत नाही. जहाजावरच्या ज्यू निर्वासितांचं चित्र अंगावर येतं, हेर्टा विसरता येत नाही, पण नायकाचा कोरडेपणा इतका सोयीचा वाटतो की शेवटी मी त्याच्यावर चिडलो. कदाचित ते लेखकाला हवंच असेल. कुणीतरी जाणत्याने मला ते पटवून द्यावं, मी ऐकायला तयार आहे. पण मी चिडलो ही गोष्ट खोटी नाही आणि ती सांगितल्याशिवाय तो जाणता माझ्याशी बोलणार तरी कसा?

आता 'ज्याचं त्याचं मत' वाल्यांकडे वळतो, कारण मला त्यांचाही तितकाच राग येतो. पाच पानं चाळून, किंवा पाठमजकूर वाचून, किंवा लेखकाची जात आणि पक्ष बघून ठोकलेलं मत आणि वाचून दिलेलं मत यांना एकाच रांगेत बसवायचं नाही. निम्म्यावर सोडलं असेल तर निम्म्यावर सोडलं म्हणून सांगायला लाज कसली? पण मग शेवट फसलाय असं म्हणायचं नाही. कारण विचारलं की 'माझा हक्क' म्हणून उठून जायचं नाही. कुणी पुस्तकातला उतारा दाखवून खोडून काढलं तर ऐकायचं, पटलं तर मत बदलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'मला आवडलं नाही' पासून 'हे पुस्तक लायब्ररीतून काढा' पर्यंत उडी मारायची नाही. या दोन वाक्यांमध्ये फार मोठी दरी आहे. गोव्यात पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या काळात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागायची, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आहे. छापलेल्या शब्दासाठी परवानगी मागायची ती सवय १९६१ ला पोर्तुगीज राजवटीबरोबर संपली असं आपण मानतो. मग लेखकाने काय लिहावं याची परवानगी वाचकाने देऊ नये, आणि वाचकाने काय म्हणावं याची परवानगी अभ्यासकाने देऊ नये, एवढं तरी पाळता येईल की नाही? मर्ढेकरांच्या बाबतीत वाईट काय झालं, तर लोकांना त्या कविता आवडल्या नाहीत हे नव्हे, ते प्रकरण कोर्टात गेलं हे.

काय करता येईल ते अगदी साधं आहे. प्रकाशनाचा कार्यक्रम करा, नारळ-शाल सगळं करा, तो लेखकाचा आनंदाचा दिवस आहे, त्या दिवशी कुणी चुका काढू नयेत असं मलाही वाटतं. पण दोन-तीन महिन्यांनी त्याच गावच्या वाचनालयात लेखकाला समोर बसवून, ज्यांनी पुस्तक विकत घेऊन किंवा लायब्ररीतून नेऊन शेवटपर्यंत वाचलंय अशा चार माणसांना बोलू द्या, त्यात एक तरी जण ज्याला ते नाही आवडलं असा असू द्या, आणि लेखकाला उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयापासून तालुक्याच्या आणि पंचायतीच्या लायब्ररीपर्यंत सगळीकडे बसायला खुर्च्या आहेत, संध्याकाळी माणसंही असतात. वाचनालयांनी पुस्तकामागे एक कोरा कागद ठेवावा, परत करताना ज्याला वाटेल त्याने दोन ओळी लिहाव्यात, नाव लिहायचं नसेल तर लिहू नये. वर्षाअखेर नवी खरेदी ठरवताना ते कागद समोर घेऊन बसावं, कुठल्या लेखकाची पुस्तकं माणसं शोधत येतात आणि कुणाची नेऊन तशीच परत आणून ठेवतात ते त्यातून कळेल. पहिल्या वेळी लेखक दुखावतील, काही रुसतीलही, एखादा पुन्हा बोलवू नका म्हणेल. पण ज्याच्या पुस्तकावर चार अनोळखी माणसांनी नीट वाचून, पान क्रमांक सांगून दोन तास वाद घातला, असा लेखक आज गोव्यात किती वर्षांत बघितलाय आपण?